आठ बाय अकराच्या खोलीतला खर्ज

स्टिरिओ घ्यायचाय म्हटलं की इंदुरात जो तो पहिल्यांदा विचारतो, किती वॅटचा? माझ्या लेखी हा प्रश्न अगदी शेवटचा. आधी खोली सांगा. माझी रामबागेतल्या जुन्या घराच्या माडीवर आहे, आठ फूट बाय अकरा. एक दिवाण, पुस्तकांची मांडणी आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट, जे हलवायची कुणाची छाती नाही. बजेट बारा हजार. ऐकायचा मुख्यतः ख्याल, त्यातही इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ. इंदूरच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही.

खरेदीआधी भाच्याने स्वतःचा 2.1 चा सेट, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक वेगळा सबवूफर, आणून लावून दिला. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरवर त्याचा हक्क. सबवूफर गेला दिवाणाखाली, कोपऱ्यात. "मावशी, आता ऐक!" ऐकलं. तानपुरा सुरू झाला आणि खर्जाची तार दाढ सुजावी तशी सुजली. जोड, पंचम या बाकीच्या तारा तिच्याखाली दबल्या. तबल्याच्या डग्ग्यावर घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमार, आला की कपाटाची कडी थरथरायची. सबवूफरचा आवाज कमी केला, तरी सूज तिथेच.

मग त्यानेच कागदावर हिशोब मांडला, आणि मला हा सगळा प्रकार आवडायला लागला. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लहरीची नेमकी अर्धी लांबी बसते, तो स्वर ती खोली स्वतःहून फुगवते. आठ फूट म्हणजे 2.44 मीटर. गणित केलं की येतात सुमारे 70 हर्ट्झ. आता गवयाचा सा पेटीच्या काळी एकला धरा, तो साधारण 139 हर्ट्झचा. खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. माझ्या खोलीची रुंदी आणि तानपुऱ्याचा खर्ज एकाच सुरात लागलेले! कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीचे असे सगळेच स्वर एकदम जागे करतो, त्यामुळे बोल त्या बिचाऱ्या सबवूफरला लागतो. दोष त्याच्या जागेचा जास्त.

हे कानांनीही पडताळता येतं. तानपुरा लावून ठेवायचा आणि खोलीत हळूहळू चालायचं. भिंतीला पाठ टेकली की खर्ज अंगावर येतो, आठ फुटांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं की जवळजवळ नाहीसा होतो. दुकानातला कितीही महागडा डेमो हे दाखवू शकत नाही, कारण दुकान तुमची खोली नाही.

महाराणी रोडवर गेले ती सबवूफर नको हे ठरवूनच. इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या बाजारात हे वाक्य उच्चारणं म्हणजे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गोड नको म्हणणं. दुकानदार आदबशीर होता, पण त्याचा धीर सुटला. "दीदी, बेस तो देखो, बेस!" खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या दाव्याचे, हजारो वॅट छापलेले. या पीएमपीओला काही मोजमापच नाही, ज्याला जो आकडा सुचेल तो छापावा. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. आणि तेही फार नको. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात, तेव्हा वीसच्या जागी चाळीस वॅट घेतल्याने बिलात फरक पडतो, कानात फारसा नाही. पाच फुटांवर बसून ऐकणाऱ्याला एरवी एक वॅटसुद्धा पुरतो.

साउंडबार पाहिला. टीव्हीवरचे संवाद त्यावर छान कळतात, पण डावं-उजवं एकाच दांडीत कोंबलेलं. वेगळा अँप्लिफायर आणि वेगळे बुकशेल्फ स्पीकर हा जाणकारांचा मार्ग, पुढेमागे एकेक वस्तू बदलता येते. नव्याने घ्यायचं तर बारा हजारांत ओढाताण होते. राहिले अँप्लिफायर आतच बसवलेले स्पीकर. त्यांतला एडिफायरचा आर1280टी घेतला: खालच्या स्वरांसाठी चार इंची वूफर, दोन्ही मिळून 42 वॅट आरएमएस. बेससाठीचं भोक पुढच्या बाजूला असल्याने मागे भिंत जवळ असली तरी तितकंसं बिघडत नाही, आणि उजव्या स्पीकरच्या कडेला बेस-ट्रेबलच्या साध्या चकत्या आहेत. ब्लूटूथ नाही. भाच्याला हे फारच मागासलेलं वाटलं. मला फोन वायरने जोडायला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि ऐन समेवर कुणाचा तरी फोन दुसऱ्याच खोलीतून येऊन जोडला जात नाही.

मांडणीत मात्र मी बराच वेळ घालवला. दिवाणाच्या सोयीने स्पीकर लांब भिंतीला लावले, तर आवाज आठ फूट आडवा जातो आणि दिवाणावर पाठ टेकली की तोच 70 हर्ट्झ पुन्हा मानगुटीवर. म्हणून ते आखूड भिंतीला नेले, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर. असे सारख्या अंतरावर असले की आडव्या दिशेने दोघांचे धक्के एकमेकांना काटतात आणि आठ फुटांवाला स्वर उठतच नाही. अकरा फुटांचा स्वतःचा स्वर साधारण 51 हर्ट्झवर, तिथे माझ्या ऐकण्यातलं फारसं काही नसतंच. मागच्या भिंतीपासून एक वीत अंतर ठेवलं. भिंतीजवळ बेस थोडा वाढतो, आणि चार इंची वूफरला तेवढी मदत हवीच असते. खाली दोन स्टुलं, वर जुन्या रबरी स्लिपरचे कापलेले तुकडे. वरच्या स्वरांचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला. दोन्ही स्पीकरांत साडेचार फूट, माझं बसणं पाच फुटांवर. दिवाण अर्थातच फिरवावा लागला. घरात यावर चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.

मांडणी जमली की नाही हे ओळखायला माझ्याकडे एक फुकटची युक्ती आहे: जुनं मोनो ध्वनिमुद्रण, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेलं. खाँसाहेब 1974 साली गेले. त्यांच्या मैफलींची आणि रेडिओवरची जी मुद्रणं फिरतात ती बहुतेक मोनोच. मग दोन स्पीकर कशाला, असं यजमान विचारतात. तर मोनो मुद्रण दोन्हींतून सारखं वाजलं, की गळा बरोबर मध्ये, जिथे नुसती भिंत आहे तिथून आला पाहिजे. डावीकडे झुकला तर एखादा स्पीकर पुढे-मागे झालाय. बोटभर सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचं. झुमरा तालाचा तो अतिविलंबित ठेका चालू असताना या कामाला भरपूर सवड मिळते.

रात्री हळू लावलं की खालचे स्वर बारीक वाटतात. ही स्पीकरची खोड नव्हे, कानाची. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी 1933 मध्येच ती मोजून ठेवली आहे. रात्री बेसची चकती जराशी पुढे, सकाळी परत जागेवर. पडदे आणि गोधड्या टाळीचा झणझणीत प्रतिध्वनी शोषतात, खर्जाला त्यांनी काही होत नाही. लॅपटॉप जोडल्यावर घूं आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. माझ्याकडे तो तेवढ्याने थांबला.

आता भाचा म्हणतो, मावशी, टर्नटेबल घे. माळ्यावर सासऱ्यांच्या तबकड्या आहेत खऱ्या. पण तबकडीच्या सुईतून येणारा सिग्नल फार क्षीण असतो, त्याला आधी फोनो प्रीअँप लागतो, आणि तो या स्पीकरांत नाही. म्हणजे टर्नटेबल, प्रीअँप, नवी सुई. तूर्तास मी त्याला माळ्यावरच्या तबकड्या पुसून, उभ्या लावून ठेवायचं काम दिलं आहे. आडव्या रचल्या तर वाकतात.