तुम्ही विचारलंत म्हणून: गाळातून निघालेलं जुनं लाकूड मी पाण्यातच का ठेवायला सांगते?

"दोन हजार वर्षं टिकलं, मग वाळवून कपाटात ठेवायला काय होतं?" पवनीपासून रामटेकपर्यंत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच. वर कार्ल्याच्या लेण्यातल्या लाकडी कमानींचा दाखला. अहो, त्या पहिल्यापासून कोरड्या आहेत. गाळात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून वाळवी दूर राहते. पण जिवाणू त्यातलं सेल्युलोज, म्हणजे पेशींच्या भिंतींना बळ देणारे तंतू, हळूहळू खातात. उरलेल्या लिग्निनच्या (लाकडातल्या दुसऱ्या, चिवट घटकाच्या) सांगाड्याला आतून पाणीच धरून ठेवतं. ते उडताना पेशींच्या भिंती आत ओढतं. मग कितीही भिजवा, पहिला आकार येत नाही.

वैनगंगेकाठच्या एका गावात बुजलेली विहीर उपसताना तळाच्या लाकडी कड्याचा तुकडा निघाला. पोराने मोबाइलवर फोटो पाठवला: वाकसाचे घाव स्पष्ट, एका कडेला साल. मी फोनवर ओरडून सांगितलं, ओल्या पोत्यात गुंडाळा, सावलीत ठेवा. पोचले तेव्हा तो अंगणात, एप्रिलच्या उन्हात, खाटेवर होता. पिळवटलेला, आडव्या भेगा पडलेला. साल हात लावताच गळली. काकाजी म्हणाले, "ओलं होतं ना जी, सडून जाईन मनून वाळू घातलं." त्यांचा काय दोष? शेतकरी लाकूड वाळवूनच ठेवतो. मला रागवता आलं नाही, चहाही गिळवेना. पेशी इतक्या चेपल्या होत्या की सूक्ष्मदर्शकाखाली झाडही ओळखता आलं नाही. म्हणून मी पाण्याचा हट्ट धरते. तुम्हाला तो वेडेपणा वाटो.

"मग औषध भरा ना!" भरतात. स्वीडनचं वासा हे बुडालेलं जुनं जहाज १९६१ मध्ये वर काढलं आणि त्यावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन, फवारलं. पूर्वी मीही म्हणायचे, सगळं त्यातच घाला. आता हात थांबतो. हे रसायन पेट्रोलियमपासून बनतं, म्हणजे त्यातला कार्बन फार जुना. ते मुरलेल्या नमुन्याची कार्बन-तारीख, म्हणजे कार्बनवरून काढलेलं वय, आहे त्याहून जुनी येऊ शकते. म्हणून थोडा भाग औषधाविना तसाच राखायला हवा. पण तो ओला ठेवायचा तर ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, वीज जाते तिथे, पाणी बदलणार कोण?

आणि राखायचा कुठला भाग? सालीखालचं शेवटचं वलय झाड तोडल्याच्या वर्षाचं. कार्बनचा नमुना तिथलाच हवा. पण तेच सर्वांत मऊ, औषधाची गरज आधी त्यालाच. यावर माझं मलाच अजून पटलेलं नाही.