काजळीवरची रेघ

नववीत आमच्या सरांनी फळ्यावर माणूस काढला, डोक्यापासून पोटापर्यंत खडूची रेघ ओढली आणि म्हणाले, "मेंदू साहेब, आतडं शिपाई." पाठ करून मार्क मिळवले. पण सहामाहीच्या दिवशी आईने दिलेला थालीपिठाचा डबा तसाच घरी जायचा. भूक कुठे पळायची, ते कळत नसे.

पुढे पुण्यातच फार्मसीला गेलो. प्रॅक्टिकलला फिरत्या ड्रमवरचा चकचकीत कागद धुरावर काळा करायचा, म्हणजे स्नायू आकसला की त्याला जोडलेली काडी काजळीवर रेघ ओढते. बाह्यांना काजळी फासूनच टिळक रस्त्यावरून सायकल मारत घरी यायचो. एकदा मॅडमनी मॉर्फिनचा, म्हणजे अफूतल्या वेदनाशामकाचा, प्रयोग करून दाखवला. काचेच्या नळीत 37 अंशांचं टायरोड नावाचं क्षारांचं द्रावण, खालून बुडबुडे आणि त्यात गिनिपिगच्या आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. ना मेंदू, ना मणका. तरी विजेचा हलका झटका दिला की तुकडा आकसायचा आणि काजळीवर रेघ उठायची. मॉर्फिन टाकलं, रेघा बुटक्या झाल्या. मग थेट ॲसिटिलकोलीन, म्हणजे चेतापेशी ज्या रसायनाने स्नायूला आकसायला सांगतात ते, टाकलं, तर रेघ पुन्हा पहिल्याइतकी उंच! म्हणजे स्नायू ठणठणीत होता. गप्प झाल्या होत्या त्या आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी. त्यांनी ॲसिटिलकोलीन सोडणंच कमी केलं होतं. पेटन या शास्त्रज्ञांनी हे 1957 सालीच दाखवलं होतं. मॉर्फिन चेतापेशीवरच्या ग्राहीला (रसायन ओळखणाऱ्या रेणूला) चिकटतं, पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत यायचं कमी होतं आणि पेशी थंडावते. 1975 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी मॉर्फिनसारखं काम करणारे शरीरातलेच पदार्थ ओळखले, एन्केफॅलिन. त्या शोधातही गिनिपिगचं आतडं कामी आलं होतं.

आणि माझा डबा? घाबरल्यावर सिंपथेटिक चेतातंतू, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारे तंतू, नॉरॲड्रेनॅलीन नावाचं रसायन सोडतात. तेही याच पेशींना गप्प करतं, त्याची ग्राही तेवढी वेगळी. जठर आणि लहान आतडं मंदावतं. (मोठ्या आतड्याचं गणित उलटं. परीक्षेआधी शाळेच्या संडासाबाहेर लागणारी रांग आठवा.)

बऱ्याच वर्षांनी सदाशिव पेठेत सरांच्या घरी गेलो, तेव्हा हे सगळं सांगितलं. साहेब नसतानाही शिपाई काम करतो, आणि साहेब त्याचे हात धरत नाही, त्याला हाळी देणाऱ्याचंच तोंड बंद करतो, असं म्हणालो. सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बरोबर आहे. पण नववीच्या पोरांना एवढं सांगितलं असतं, तर तुझ्यासोबत सगळ्या वर्गाचे डबे घरी गेले असते."