मोंढ्यातल्या मांजरांचा मालक कोण? नसबंदीचा माझा अनुभव

मांजर पकडायला एक रात्र पुरते. तिच्या कागदावर सही कोणी करायची, हे ठरायला आमच्या गावात आख्खा पावसाळा गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लातूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत आहे. धान्य आलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजरं. व्यापाऱ्यांना मांजरं हवी असतात, पिल्लं नको असतात. मांजरी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. मग कोणीतरी पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतं. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. मोंढ्यातल्या पिल्लांना तेवढंही संरक्षण कोणी मानत नाही. मला ते पोतं बघवत नव्हतं.

पैसे जमले. हमालांनी दिले, चार-पाच दुकानदारांनी दिले. पिंजरा वेल्डिंगवाल्याने जाळीचा करून दिला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही तयार झाले.

अडलं ते दवाखान्याच्या खिडकीवर. भूल द्यायच्या आधी संमतिपत्र भरावं लागतं, ते योग्यच आहे, भुलीत जीवाला धोका असतो. त्यात रकाना होता, ‘मालकाचे नाव, पत्ता व सही’. मी सांगितलं, हिला मालक नाही, मोंढ्यातली आहे, आम्ही सगळे मिळून खायला घालतो. खिडकीतले म्हणाले, “मग तुमचंच नाव टाका.” सगळ्या मोंढ्यातली मांजरं एका बाईच्या नावावर? उद्या कोणाला ओरखडलं, कोणाच्या पोत्यावर घाण केली, की तो कागद घेऊन माणूस माझ्याच दारात उभा. मी नाही म्हटलं. “मग नगरपरिषदेचं पत्र आणा.”

नगरपरिषदेत ऐकलं, “मॅडम, आमच्याकडं कुत्र्यांचं काम आहे. मांजराचा विषयच नाही.” बरं, तसं लेखी द्या म्हटलं, तर विषय आमचा नाही, मग लेखी कसं देणार? अर्जावर आवकचा शिक्कासुद्धा मारेनात. दवाखाना म्हणतो पत्राशिवाय नाही, नगरपरिषद म्हणते पत्र आमचं नाही. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, साहेब प्रशिक्षणाला. मी तुरीच्या हिशोबाच्या पट्ट्या अर्ध्यावर सोडून जायची आणि त्याच बाकावर बसून परत यायची.

या मधल्या काळात आमची करडी मांजरी तुरीच्या थप्पीमागे व्याली. तीन पिल्लं, डोळे पुवाने चिकटलेले. कोमट पाण्यात कापूस भिजवून मी आणि हमालांपैकी एक मामा त्यांचे डोळे पुसायचो. एकच जगलं. अर्ज वेळेत घेतला असता तर करडी त्या खेपेला व्यालीच नसती. हे मी त्या टेबलासमोर उभी राहून मोठ्याने बोलले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

वाट निघाली ती छापील कागदाने. मार्च 2023 मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम राजपत्रात आले. त्यांत ‘सामुदायिक प्राणी’ अशी व्याख्याच आहे: वस्तीत जन्मलेला, ज्याच्यावर कोणीही मालकी सांगितलेली नाही असा, वन्यप्राणी सोडून कोणताही प्राणी. मांजर त्यात बसतंच. नियम 20 मध्ये अशा प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था स्थानिकांना सोबत घेऊन करण्याची जबाबदारी रहिवाशांच्या सोसायटीवर किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीवर टाकली आहे. ती दोन पानं छापली, ओळी पिवळ्या केल्या, अर्जाला जोडल्या आणि अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवला. शिक्क्यासाठी खिडकीवर भांडत बसू नका, पोचपावती हाच तुमचा शिक्का. एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला पाठवली. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे अर्जाच्या खाली ‘प्रत’ म्हणून दिसलं की टेबलं हलतात.

दोन ओळींचं ‘हरकत नाही’ आलं. दवाखान्यात ‘मालक’ शब्दावर काट मारून ‘सांभाळ करणारे’ लिहिलं. मामा म्हणाले, “ताई, सही माझी पण घ्या. रातचं पाणी मीच ठेवतो की.” त्यांची, माझी आणि शेजारच्या आडत्यांची, अशा तीन सह्या त्या छोट्या रकान्यात दाटीने बसल्या. तो कागद मी फोटो काढून जपून ठेवला आहे.

बाकीचं आठवेल तसं सांगते. पिंजऱ्यात सुकट ठेवा, दुधाने मांजर येत नाही आणि मोठ्या मांजराला दुधाने हगवण लागते. मांजर आत गेलं की लगेच पिंजऱ्यावर बारदाना टाका, अंधार झाला की धडपड थांबते. शस्त्रक्रियेआधी मोठ्या मांजराला रात्रभर उपाशी ठेवायचं, पण लहान पिल्लांना इतकं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. भुलीत असतानाच नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक सरळ कापून घ्यायला सांगा, नाहीतर तेच मांजर पुन्हा पिंजऱ्यात येतं आणि पुन्हा पोट उघडायची पाळी येते. मादीला निदान एक रात्र ठेवून, खाल्ल्यावर, जिथून आणली तिथेच सोडा. पोटाखाली ओलसर, केस गेलेली स्तनं दिसली तर पिल्लं कुठेतरी वाट बघताहेत, आधी ती शोधा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात दुपारी पिंजरा नेऊ नका. तापाची म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजराला ती विष आहे. ओरखडा किंवा चावा बसला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हो, उंदराचं औषध. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही मरू शकतं. आता आमच्या ओळीत औषध टाकायच्या आधी दुकानदार मामांना सांगतात. हे ठरवून घ्यायला कुठलंच पत्र लागलं नाही.

परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर आधी तिथे चौकशी करा. पण मांजर पकडायच्या आधी कागद तयार ठेवा. आमच्या अर्जातलं वाक्य असं होतं: ‘सदर मांजरे कोणाच्याही मालकीची नसून सामुदायिक प्राणी आहेत, आम्ही खाली सही करणारे त्यांचा सांभाळ करतो व नसबंदीनंतर त्यांना मूळ जागी सोडण्याची जबाबदारी घेतो.’ हे जसंच्या तसं उतरवून घ्या. खाली एकाहून जास्त सह्या घ्या, आणि फोन नंबर मोंढ्यात रात्री थांबणाऱ्या माणसाचाही द्या.