नवतप्यात उघडलेला दिवा

25 मे

आज नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापट नऊ दिवस. सकाळी साडेआठलाच अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि गाडीच्या उजव्या दिव्यात मात्र पाणी होतं. परवा संध्याकाळी वादळ आलं, वीस मिनिटं धो-धो कोसळलं, गल्लीतल्या कडुनिंबाची फांदी पाडली आणि गेलं. तेवढ्यात दिव्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलं. गाडी जरा हलवली की आत हिंदकळतं.

काचेला आतून धुकं धरणं वेगळं आणि पाणी साचणं वेगळं. धुकं धरतं, अर्ध्या तासात जातं, त्यात काळजीचं काही नाही. दिवा हवाबंद डबा नसतोच. त्याला पाठीमागे बारीक नळी असते, गॅरेजमध्ये तिला ब्रीदर म्हणतात. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि त्या नळीतून बाहेर पडते, विझला की थंड होताना बाहेरची हवा आत ओढली जाते. पण काचेच्या कडेचं सील कुठे उललेलं असेल, तर ही ओढ तिथूनही लागते. तापलेल्या दिव्यावर पाऊस पडला की आतली हवा एकदम आकसते, आणि त्या फटीवर जे पाणी थांबलेलं असतं तेच आत खेचलं जातं. म्हणजे पाणी आपणहून शिरत नाही, दिवाच ते पिऊन घेतो.

गाडी 2008ची. दोन सीट, इंजिन सीटच्या पाठीमागे. पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्याहून सेकंडहँड घेतली आणि सातशेवर किलोमीटर मी एकट्याने चालवत आणली. नागपुरात तिच्यासाठी रस्ते कमी आणि धूळ फार, हे मला कबूल आहे. तरी रविवारी पहाटे अमरावती रोडला तिचा आवाज ऐकला की आठवडाभराचं ऑफिस अंगावरून उतरतं. ही गाडी मला जिवापाड आवडते.

नवा दिवा मागवायचा तर खर्च लाखाच्या वर जातो. उघडायचा, असं आज ठरवलं.

26 मे

दोन वर्षांपूर्वी याच दिव्यात पाणी आलं तेव्हा गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती. तिथे त्यांनी काचेच्या कडेने बाहेरून पारदर्शक सिलिकॉन फिरवलं आणि पैसे घेतले. गाडी घरी आली तेव्हा दिव्याला व्हिनेगरचा वास येत होता. वाळताना असा वास सोडणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल निघतं, आणि दिव्यातल्या आरशावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की ते त्याला सोसत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर पाणी कमी झालं नाहीच. उलट आलेलं पाणी आठवडाभर आतच राहायला लागलं.

आज सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, दिवा काढला. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवली. झेनॉन बल्ब पेटताना वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका घेतो, तिथे हलगर्जीपणा चालत नाही. माझ्या गाडीचा दिवा काढायला बंपर उतरवावा लागत नाही, हे फार मोठं सुख. पुढच्या डिकीतला गालिचा बाजूला करायचा, रबरी बूच काढायचं, टूलकिटमधला लांब पाना आत घालून वळवायचा. खट् असा आवाज येतो आणि अख्खा दिवा रुळांवरून पुढे सरकत हातात येतो. मागचा प्लग आपोआप सुटतो. ज्याने हे डोक्यातून काढलं त्याला माझा नमस्कार.

दिवा ओसरीवर आणला, झाकण काढून पाणी ओतलं. काचेच्या आतून तपकिरी रेघ दिसली, पाणी कुठवर होतं ते सांगणारी. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा मावशीच्या घरातल्या भिंतीवर अशीच रेघ उमटली होती. तिने रंग दिला, तरी कपाटामागे ती अजून आहे.

मग फट शोधायची होती. लेक उठून आली.

"बाबा, काय करून राहिले?"

"दिवा कुठून गळतो ते पाहतोय. फुगा फुगवतेस?"

बल्ब आणि त्याला वीज पुरवणारा डबा, बॅलास्ट, आधीच काढून ठेवले होते, मागच्या झाकणाला टेप लावली. ब्रीदरच्या नळीला फिशटँकचा पाइप जोडायला गेलो, तर हवा जाईचना. नळीचं तोंड त्याच सिलिकॉनने बुजलेलं होतं. गॅरेजवाल्याने पाण्याची वाट बंद करताना हवेचीही केली होती. दोन वर्षं दिव्याने जी हवा घेतली ती फुटक्या सीलमधूनच, आणि तिच्यासोबत पाणीही. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. इतके दिवस मी रोज त्या दिव्याकडे पाहत होतो, पण एकदाही पाठीमागे हात घालून पाहिलं नाही.

दाभणाने नळी मोकळी केली. काचेच्या कडेने साबणाचं पाणी लावलं आणि लेकीला म्हटलं, हळू फुंक, शाळेतल्या बासरीसारखी. तिने फुंकलं. वरच्या कडेला, फेंडरकडच्या कोपऱ्यात, सिलिकॉनच्या खालून आधी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तो वाढत हरभऱ्याएवढा झाला, त्यात ओसरीच्या जाळीची चौकट वाकडी दिसली, आणि फुटला. त्याच जागी दुसरा. मग एकामागून एक, चारेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात.

"सापडली," ती म्हणाली आणि पुन्हा फुंकायला लागली. मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहिली.

28 मे

काच दिव्याच्या सांगाड्याला ब्युटिल नावाच्या चिकट रबराने चिकटवलेली असते, वरून स्टीलच्या क्लिपा. काच म्हणायची, पण ते असतं पॉलिकार्बोनेट. ब्युटिल शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, पॉलिकार्बोनेट त्याच्या बऱ्याच वर मऊ पडायला लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये काम उरकायचं. हीट गनने करतात, पण एकाच जागी जास्त थांबलं की काच पोळते. घरच्या ओव्हनमध्ये हा लांबोडका दिवा मावत नाही.

हिंगणा एमआयडीसीत एका मित्राचं पावडर कोटिंगचं काम आहे. खिडक्यांच्या ग्रिल, कपाटांचे पल्ले. पावडर पिकवायला भट्टी 180 ते 200 अंशांवर चालते, म्हणजे आमच्या कामाला घातक. पण सकाळी भट्टी तापत जाताना मधे शंभर येतंच. मित्राने कामगारांना आठला यायला सांगितलं आणि आम्ही दोघं साडेसहालाच पोचलो. थर्मोस्टॅट 100वर बांधला. आकडा स्थिर होऊन दहा मिनिटं गेल्यावरच, लाकडी फळीवर सुती कापड टाकून दिवा आत ठेवला.

"भाऊ, वितळला तर मले नको म्हणशील," मित्र म्हणाला.

बारा मिनिटं मी भट्टीच्या दाराशी उभा होतो. बाहेर काढला, चामड्याचे हातमोजे घातले, बाहेरचं सिलिकॉन परवाच पातीने खरवडून काढलं होतं. क्लिपा सोडवल्या, प्लास्टिकची पट्टी खाचेत घालून खालच्या कोपऱ्यापासून उचकटायला लागलो. आधी काहीच हललं नाही. मग काच केसभर उठली आणि मधे काळे धागे ताणले गेले, गुळाच्या पाकासारखे. ओढावं तसे लांबत जातात, तुटत नाहीत. अर्ध्यावर थंड पडलं, पुन्हा पाच मिनिटं भट्टीत. दुसऱ्यांदा अख्खी काच सुटून हातात आली.

आणि मग सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या दिव्याच्या आतला भाग उघड्या हवेत माझ्यासमोर होता. प्रोजेक्टरचं भिंग, भोवतीची चंदेरी चौकट, तळाशी मातीचा पातळ थर आणि त्यात पंख पसरून वाळलेला एक पतंग. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. मग मित्राने चहा सांगितला.

फट पडायचं कारणही दिसलं. त्या कोपऱ्यात जुनं ब्युटिल खाचेत नीट बसलेलंच नव्हतं, त्याच्या दोरीची दोन टोकं तिथे जुळली होती आणि मधे बारीक वाट राहिली होती. जोड वरच्या बाजूला, जिथे पावसाचा पहिला मारा बसतो.

29 मे

पारा 45च्या वर. ओलं फडकं दोरीवर टाकलं की दहा मिनिटांत कडक. आजच्याइतकी कोरडी हवा वर्षात परत मिळायची नाही, म्हणून आतली साफसफाई आजच केली.

आरशाला कापड लावलं नाही. तो मुलामा एकदा पुसला गेला की गेला. कॅमेऱ्याच्या ब्लोअरने फक्त धूळ उडवली. काच आतून साबणाच्या पाण्याने धुतली आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. थिनर, पेट्रोल जवळही आणलं नाही, पॉलिकार्बोनेटला त्याने जाळीसारख्या चिरा पडतात.

सगळ्यात जास्त वेळ खाच साफ करण्यात गेला, साडेतीन तास. जुनं ब्युटिल पट्टीने निघतं तेवढं काढलं, मग त्याचीच गोळी करून खाचेत दाबून उचलत राहिलो. ब्युटिल ब्युटिललाच धरून येतं. 1937 साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत हे रबर तयार झालं, आणि हवा धरून ठेवतं म्हणून टायरच्या ट्यूबमध्ये गेलं. लहानपणी सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचो. परवा ओसरीवर तेच केलं, फक्त हे माझ्या लक्षात आज आलं. खाच शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही.

30 मे

पुन्हा हिंगणा, पुन्हा साडेसहा. नऊ मिलिमीटरची नवी ब्युटिल दोरी खाचेत बसवली, अजिबात न ताणता. ताणली की पुढे आकसते आणि कोपरा मोकळा पडतो. जोड या वेळी बाजूला घेतला, वर पाणी आपटतं आणि खाली साचतं म्हणून. टोकं तिरपी कापून एकावर एक चढवली. दहा मिनिटं भट्टी, काच दाबून बसवली, क्लिपा लावल्या, चार सुतारी क्लॅम्प कापड घालून आवळले. कडेने सगळीकडे काळी रेघ एकसारखी बाहेर डोकावली. तीच खूण पाहायची होती.

मागच्या झाकणाचं रबरही बदललं, जुनं चपटं होऊन गेलं होतं. ब्रीदरला नवी नळी, तोंड खाली.

संध्याकाळी लेकीने पुन्हा फुंकलं. साबणाचं पाणी कडेवर तसंच चमकत राहिलं.

12 जून

मृग कोरडाच जातो की काय असं वाटत होतं. आज चारला आभाळ भरून आलं. मी ऑफिसातून निघून घरी आलो, गाडी काढली आणि दिवे लावून वर्धा रोडने खापरीपर्यंत गेलो. विमानतळाच्या पुढे असा कोसळला की समोरचा ट्रक दिसेना. वायपर पूर्ण वेगात, दिवे चालू, अर्धा तास तसाच. मग घरी येऊन दिवे विझवले आणि छत्री घेऊन गाडीसमोर उभा राहिलो.

आठव्या मिनिटाला उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात धुकं धरलं, तळहाताएवढं. पोटात गोळा आला. घड्याळ लावलं. लेक दारातून म्हणाली, "बाबा, भिजून राहिले ना तुम्ही."

बाविसाव्या मिनिटाला धुकं कडेपासून विरायला लागलं आणि आत भिंग स्वच्छ दिसलं. टॉर्च मारून तळ पाहिला. कोरडा. डाव्या दिव्यात, ज्याला मी अजून हात लावलेला नाही, एक थेंब काचेवरून हळूहळू खाली सरकत होता.

ब्युटिलची दोन मीटर दोरी उरली आहे. मित्राला फोन केला. रविवारी, साडेसहाला.