दाताच्या दवाखान्यातलं जुनं मासिक

१८८० सालची गोष्ट. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई डेंटिस्टकडे गेली होती आणि नंबर येईपर्यंत तिथे पडलेलं एक मिशनरी मासिक चाळत बसली होती. त्यात गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार छापला होता, बायकोला डॉक्टर करायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का, असं विचारलेलं. ज्या मिशनऱ्याला त्यांनी लिहिलं त्याचं म्हणणं, ख्रिस्ती व्हा मग मदत करतो. ते ह्यांना मान्य नव्हतं. पण ह्या बाईनं घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे १८८३ मध्ये स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

आनंदीबाई शाळेपासून माहीत असतात आपल्याला, पण हा वेटिंग रूमचा किस्सा मला इथे न्यू जर्सीतच, एडिसनला, आल्यावर कळला, आणि मी स्वतः डेंटिस्ट असल्यामुळे असेल, तो डोक्यातून जातच नाही. रोझेल आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

मी नाशिकला सहा वर्षं प्रॅक्टिस केली, लग्नानंतर इथे आले, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो. ह्या व्हिसावर काम करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळायला लागली, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्याला पोचलेलं असेल तरच. मला ती यायला चार वर्षं गेली. आणि आली तरी आपली डिग्री इथे चालत नाही, बोर्डाची परीक्षा द्या, मग डेंटल स्कूलमध्ये परत दोन-तीन वर्षं शिका, आणि त्याची फी इतकी की आई-बाबांना फोनवर आकडा सांगायची हिंमत झाली नाही अजून. म्हणून सध्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. डॉक्टरच्या हातात इन्स्ट्रुमेंट देते, सक्शन धरते.

तिथे माझ्यासोबत आणखी दोघी आहेत. एक कैरोची, तिची तिकडे अकरा वर्षांची प्रॅक्टिस. दुसरी पेरूची, तिची सात. म्हणजे त्या छोट्या क्लिनिकमध्ये चार डेंटिस्ट आहेत आणि पाटीवर नाव एकाचं.

त्या कैरोवालीला मी एकदा लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर तो फोटो दाखवला. बघितला असेल तुम्ही, १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजचा. साडीतली आनंदी, किमोनोतली केइ ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यांत. आनंदी तेव्हा २० वर्षांची. खाली नावं छापलीत त्यात सबातचं 'टबात' करून टाकलंय. मैत्रीण आधी तेच बघत राहिली, कारण तिचंही नाव इथे कोणी नीट घेत नाही, शेवटी तिनं बॅजवर दोन अक्षरांचं सोपं नाव लावून घेतलंय. मग म्हणाली, पुढे काय झालं ह्यांचं?

आणि खरं सांगते, मला आनंदीबाई सोडल्या तर काहीच माहीत नव्हतं. हा फोटो आपण सगळे 'पहिली, पहिली' म्हणून शेअर करतो, आपली पहिली, जपानची पहिली, सिरियाची पहिली, आणि डिग्रीपाशी थांबतो. डिग्री मिळाल्यावर कामाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मला तर आता तेवढंच विचारावंसं वाटतं. म्हणून मी वाचत गेले.

आनंदीबाई १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आपलं आताचं सीपीआर रुग्णालय, बायकांच्या वॉर्डचं काम त्यांच्यासाठी ठरलेलं होतं, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं गेल्या. एकही दिवस त्या वॉर्डमध्ये उभं राहता आलं नाही. हे वाचताना दर वेळी घशात आवंढा येतो.

केइ ओकामी १८८९ मध्ये पास होऊन टोकियोला परतली, जिकेई हॉस्पिटलमध्ये लागली. पण ती बाई म्हणून सम्राटानं तिला भेटायचंच नाकारलं, तेव्हा तिनं राजीनामा दिला आणि घरीच दवाखाना काढला. पुढे १८९७ मध्ये बायकांसाठी छोटं हॉस्पिटल सुरू केलं, तेही नऊ वर्षांनी बंद झालं. तरी मला तो राजीनामा फार मोठा वाटतो. एवढ्या लांब जाऊन मिळवलेलं पद होतं ते. सबात १८९० मध्ये पास झाली, दमास्कसला परत गेली. पुढे कैरोत राहिली असं म्हणतात, हे ऐकून आमच्या मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि ओकामीच्याच बॅचला सुझन ला फ्लेश होती, नेब्रास्काच्या ओमाहा जमातीतली. आनंदीबाई कॉलेजातून बाहेर पडल्या आणि ही आली, थोडक्यात चुकामूक. वर्गात पहिली आलेली ही मुलगी परत आपल्या लोकांत गेली, बाराशेच्या वर माणसांना एकटी डॉक्टर, बर्फात घोड्यावरून घरोघरी. शिक्षणाला मदत करणाऱ्या बायकांच्या संस्थेनं तिला अट घातली होती की पास झाल्यावर काही वर्षं लग्न करायचं नाही. १८९४ मध्ये तिनं लग्न केलं, दोन मुलं झाली, आणि तरी प्रॅक्टिस चालूच. १९१३ मध्ये वॉल्टहिलला हॉस्पिटल उभं केलं आणि दोन वर्षांत गेली.

आता आमच्याकडचं सांगते. त्याच कैरोच्या मैत्रिणीच्या गराजमध्ये आम्ही रविवारी सराव करतो. सेकंडहँड कॉम्प्रेसर आहे, त्याचा इतका आवाज की शेजारी विचारायला आले होते. टेबलाला टायपोडोंट लावलेला, म्हणजे प्लास्टिकच्या दातांचा जबडा. खालच्या दाढेचं क्राउन प्रेप करायचं, म्हणजे कॅप बसवण्यासाठी दाढ घासून तयार करायची, वरून दीड-दोन मिलिमीटर घासायचं, भोवतीची कड सगळीकडे सारखी यायला हवी, आणि बर, म्हणजे ड्रिलचं टोक, शेजारच्या दाताला लागला की दात वाया. पहिल्या रविवारी माझा हात थरथरला. सहा वर्षं रोज केलेलं काम! तिनं काही न बोलता माझं कोपर धरून टेबलावर टेकवलं आणि परत सुरू कर म्हणाली. चौथ्या दाताला कड नीट आली. तिनं प्रोबची टोकदार बाजू कडेवरून फिरवली, एकदा, दोनदा, आणि तो दात काढून माझ्या हातात ठेवला. माझ्या पर्समध्ये आहे तो.

येत्या गुरुवारी तिची एका डेंटल स्कूलमध्ये बेंच टेस्ट आहे, म्हणजे प्रवेशासाठी असंच प्लास्टिकच्या दातांवर काम करून दाखवायचं, सकाळी आठला. मी रजा टाकलीय, गाडी मी चालवणार, तिनं रस्ताभर फक्त हात गरम ठेवायचे.