जेडच्या गुहेतील अर्हत

कर्जाऊ प्रदर्शनासाठी परगावी जाणाऱ्या वस्तूंचा स्थिती-अहवाल लिहिणे हे संग्रहालयातील माझे नेहमीचे काम. पण त्या दिवशी माझ्यासमोर आलेली वस्तू चीनच्या छिएन्लोंग सम्राटाच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील होती. वीतभर उंचीचा जेडचा खडक, त्यात कोरलेली गुहा, गुहेत बसलेला अर्हत, म्हणजे निर्वाणपदाला पोहोचलेला बौद्ध साधू, आणि वरच्या कड्यावर सम्राटाने रचलेली स्तुती, सोनेरी अक्षरांत.

१७५७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात सम्राटाने हांगचौच्या एका मंदिरात सोळा अर्हतांची चित्रे पाहिली. थांग राजवटीच्या (सातवे ते दहावे शतक) अखेरीस होऊन गेलेला भिक्षू-चित्रकार क्वानश्यू याच्या नावावर ती सांगितली जात. सम्राटाने त्यांच्या प्रती करवून घेतल्या, आपले तिबेटी परंपरेतील गुरू रोलपै दोर्जे यांच्या मताला धरून अर्हतांची नावे आणि क्रम नव्याने लावले आणि प्रत्येकावर स्तुती रचली. पुढे दरबारी कलेत हे अर्हत पुन्हापुन्हा घडवले गेले: त्याच लांब भुवया, तेच उंचसखल डोके, हाडे वर आलेला तोच चेहरा. त्यासाठी लागणारा उत्तम जेड मध्य आशियातील खोतान आणि यारकंदचा. १७५९ साली सम्राटाच्या सैन्याने तो मुलुख जिंकल्यावर दरबारात त्याचा ओघ वाढला. प्रदर्शनाच्या पाटीवर हा युद्धाचा संदर्भ असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जेड छिन्नीने कोरता येत नाही. नेफ्राइट जातीच्या या दगडातील सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की घाव घातला तर तो मनाजोगा फुटत नाही. तो केवळ झिजवावा लागतो. पायाने फिरवायच्या लोखंडी चकतीवर कुरुंदासारख्या कठीण दगडाची ओली भुकटी घालत कारागीर त्याला आकार देत, पोकळ नळीने खोल भाग काढत आणि शेवटी लाकडाच्या व चामड्याच्या चाकांवर झिलई आणत. या कारागिराने दगडाची तपकिरी साल कड्यासाठी राखली होती आणि आतला पांढरा गाभा अर्हताच्या चेहऱ्यासाठी.

चिरा शोधण्यासाठी मी गुहेत बारीक प्रकाशनळी आणि दंतवैद्याचा छोटा आरसा घातला. अर्हताच्या पाठीमागे, समोरून कधीच न दिसणाऱ्या भिंतीवर, पोकळ नळीने उमटलेल्या चंद्रकोरींसारख्या खुणा एकमेकींवर चढलेल्या होत्या. पण त्यांच्या कडा घासून जवळजवळ पुसलेल्या होत्या. अर्हताच्या चीवराच्या, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राच्या, चुण्याही खांद्यावर न थांबता पार कमरेपर्यंत उतरल्या होत्या. चेहऱ्यापेक्षा मी त्या पाठीकडेच अधिक वेळ पाहत राहिले. दरबारी कामात नमुना आधी सम्राटाकडून मंजूर होई आणि मनाजोगे न उतरलेल्या कामाबद्दल कारागिरांना दंडही होत असे, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या जागी तपासनिसाची नजर पोहोचणार नाही तिथे एवढे कष्ट केवळ धाकापोटी होतात, यावर माझा विश्वास बसत नाही. मला त्यात उपासना दिसते, आणि तीही स्तुतीखाली ज्याचे नाव नाही त्याची.

अहवालात मी तडा नसल्याची नोंद केली, आतल्या बाजूची छायाचित्रे जोडली आणि मांडणी करणाऱ्यांना एक शिफारस केली की मूर्तीमागे लहानसा आरसा बसवावा आणि प्रकाश वरून न टाकता बाजूने, गुहेच्या आतपर्यंत जाईल असा द्यावा. ती शिफारस त्यांनी मान्य केली.