पोटाखालची पातळ फळी

रविवार, रात्र

खांदे भरून आलेत, तरी झोप येत नाही. आज पायपो पाण्यात उतरवली आणि मन अजून लाटेवरच आहे.

पायपो ही हवाईची, पोटावर झोपून लाटेवर स्वार व्हायची आखूड फळी. कॅप्टन कुकची जहाजं १७७८ मध्ये तिथे पोचली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली माणसं लाकडाच्या फळ्यांवर लाटा खेळत होती. १९७१ मध्ये टॉम मोरीने फोमचा बूगी बोर्ड काढला आणि लाकूड मागे पडलं. मला मात्र लाकूडच हवं होतं, तेही माझ्या हातून घडलेलं.

प्लाय घेतला तो मरीन, बारा मिलिमीटर जाडीचा. त्याचा गोंद पाण्याने सुटत नाही. लांबी जमिनीपासून बेंबीपर्यंत. कागदावर आकार अर्धाच काढला आणि मधल्या रेषेवर उलटवून दुसरी बाजू आखली, म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब जुळल्या. जिगसॉने कापणं चटकन झालं.

खरा वेळ गेला कडेवर. कानस फिरवत उतार काढत गेलं की प्लायचे थर एकेक करून उघडे पडतात, फिकट, गडद, पुन्हा फिकट, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे. रेषा समांतर धावल्या की उतार सारखा. एखादी मध्येच वाकडी झाली की तिथे हात कमी-जास्त पडलाय हे लगेच कळतं. मोजपट्टीपेक्षा माझा भरवसा या रेषांवर. पुढची कड गोल ठेवली. मागे मात्र खालची धार टोकदारच हवी, कारण गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि फळीला मागे ओढतं. धारेवरून ते तुटून सुटतं.

मग वार्निश. कडेला थरांची तोंडं उघडी असतात, पाणी आत शिरतं ते तिथूनच. म्हणून कडेवर जास्त हात दिले, प्रत्येक हात पुरता वाळवून, वर हलका पॉलिश पेपर मारून.

इतकी पातळ फळी माणसाला तरंगत ठेवत नाही. लाट येईपर्यंत पायात फिन्स (पोहायचे रबरी पंजे) घालून आपणच पोहत राहायचं, फळी नुसती सोबतीला. (आत जाताना ती कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरू नये. लाट तीच फळी पोटात हाणते.) पण लाटेने मागून उचललं, जीव खाऊन पाय मारले आणि एकदा का वेग आला, की सगळं पालटतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा वर उचलणारा जोर चौपट होतो. इतका वेळ बुडू पाहणारी फळी एकदम कडक झाली, पाण्यावर आली आणि सुटली! तोंड पाण्यापासून जेमतेम वीतभर, आणि पाण्याचा थरथराट थेट बरगड्यांत.

माझ्या फळीला खाली फिन, म्हणजे दिशा धरणारं पातं, नाही. वळायचं ते कडेवरच. डाव्या कोपरावर भार दिला, डावी कड लाटेच्या भिंतीत रुतली आणि मी आडवी धावायला लागले. इतके दिवस बोटांनी चाचपलेला तो उतार आता पाण्यात धरून होता. उभं राहून सर्फिंग करणाऱ्यांना कडेचा हा स्पर्श असा पोटाशी मिळत असेल, असं मला वाटत नाही.

लाट उभी झाली की मागचा भाग किंचित घसरतो. पुढच्या फळीची शेपूट इंचभर अधिक रुंद ठेवणार आहे, म्हणजे मागे कड जास्त लांबवर पाण्यात राहील. उरलेल्या प्लायवर ती बसते का, ते उद्या आखून पाहते.